पहिली सवड

इंग्रजी पत्रांत एक ठरलेला शब्दप्रयोग असतो: ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स. आता आमच्या अकोल्यात इंग्रजी वाचणारे गल्लोगल्ली झालेत. कचेरीतला मिसरूड न फुटलेला उमेदवारही याचा अर्थ चुटकीसरशी सांगेल, आणि वर विचारेल की मास्तर, तुम्हाला एवढंही ठाऊक नव्हतं? नव्हतं बाबा. ज्या दिवसांची ही गोष्ट आहे तेव्हा आमच्या आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून सगळ्या जगाला अचानक वऱ्हाडची आठवण झाली. आमच्याकडच्या लोकांना अमेरिका पूर्वेला की पश्चिमेला हे माहीत नव्हतं, पण तिथली लढाई मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याने त्याने ज्वारी कमी करून कापसाची पऱ्हाटी लावली. वेचायला माणूस मिळेना, तेव्हा माझ्या शाळेतली पोरंही पोटाला ओटी बांधून वावरात गेली. मी सरकारी शाळेत तिसरा मास्तर होतो. त्या दिवाळीनंतर माझ्यासमोर कधी सात पोरं असायची, कधी चार. सगळ्या अकोल्यात सवड होती ती फक्त मला.

मी ती शब्दकोश वाचण्यात घालवायचो. अमरावतीच्या शाळेत शिकताना एका पाद्र्याकडून मी जुना इंग्रजी-मराठी कोश मिळवला होता. त्याची पहिली काही पानं गळालेली होती, तरी तो मी रेशमी रुमालात बांधून ठेवायचो. बोलायचोही पुस्तकातल्यासारखं. घरात आई म्हणायची, “घरी तं माणसावानी बोल.” मी ऐकायचो नाही. वय बावीस होतं आणि डोक्यावर पागोटं नवीन होतं.

भिंतीला भिंत लागून शेजारी एक बाई राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. नात्याची नव्हे, पण माझं नाक पुसलेलं तिनेच. नवरा लवकर गेला. मोर्णा नदीच्या पलीकडे तिचं वावर होतं, ते ती स्वतः वाहायची. एकच मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगाने दांडगा आणि स्वभावाने असा गरीब की आळीतली कुत्रीसुद्धा त्याच्या पानातली भाकर हक्काने उचलायची. अमरावतीला एका गोऱ्या व्यापाऱ्याने कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना टाकला होता. तिथे गाठी मोजून गाडीवर चढवून द्यायच्या कामावर हा मुलगा त्या वर्षी लागला होता. जाताना आईला म्हणाला होता, “माय, तू वेचा आटप, मी फागुनात येतो, मंग पोरगी पाहू.”

कागद आला तेव्हा दुसरा वेचा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. खामगावच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाने तो आणला. त्याला अमरावतीच्या नाक्यावर साहेबाच्या शिपायाने दिला होता, एवढंच त्याला ठाऊक. दिवेलागण होत होती. मावशी वावरातून आलेली, लुगड्याला जागोजाग कापूस चिकटलेला. तिने तो कागद दोन्ही हातांत धरून आमच्या ओट्यावर आणला. मागोमाग आळीतली आठदहा माणसं आली. मला गर्दी आवडली. मी आत जाऊन पागोटं घातलं आणि मग कागद हातात घेतला.

पत्र साहेबाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्याचा मराठी मुनशी बाहेरगावी होता म्हणून इंग्रजीत लिहावं लागत आहे, त्याबद्दल क्षमा असावी, असं आधी होतं. मग होतं की तुमच्या मुलाची प्रकृती ठीक नाही, डॉक्टर येऊन पाहतात. आणि शेवटी, आपण कृपा करून अमरावतीस यावे, ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स.

कन्व्हीनियन्स या शब्दापाशी मी थांबलो. रुमाल सोडला, कोश काढला, सगळ्यांदेखत पान शोधलं. कोशात होतं: सोय, सवड. अर्लिएस्ट मला येत होता, सर्वांत लवकरचा, पहिला. जुळवून टाकलं. मी घसा साफ करून म्हणालो, “साहेब लिहितात की मुलाला बरं नाही, औषधपाणी चालू आहे, आणि तुम्हाला पहिली सवड मिळेल तेव्हा तुम्ही या.”

“पयली सवड,” मावशी म्हणाली. “म्हंजे उद्या सकायी निगू?”

“तसं नाही. तुमची सोय बघून या, असं आहे. साहेब लोक सभ्य असतात. बळजबरी करत नाहीत.”

ती कागदाकडे बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग म्हणाली, “मास्तर, सवडीचं काम असतं तं साहेबानं कागद कायले लिवला असता?”

हे तिचं वाक्य मी गेली कितीतरी वर्षं ऐकतो आहे. माझं सगळं इंग्रजी एका बाजूला ठेवा आणि तिचं हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला. पण तेव्हा मला राग आला. आठदहा माणसांपुढे एक अडाणी बाई माझं भाषांतर तपासत होती. मी म्हणालो, “मावशी, साहेबाला घाई असती तर त्याने ‘इमीजिएटली’ लिहिलं असतं. त्याचा अर्थ ताबडतोब. तो शब्द या पत्रात कुठेही नाही. हवं तर मोजून दाखवतो.” आणि खरोखरच मी कागदावर बोट फिरवत एकेक शब्द वाचून दाखवला. आमच्या बोलीत घाई असली की माणूस ‘लवकर ये’ म्हणून ओरडतो, पुस्तकी मराठीत ‘ताबडतोब यावे’ लिहितात. घाई अदबीच्या आत गुंडाळून पाठवणारी भाषा मला माहीतच नव्हती.

ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, “मास्तर म्हन्ते तं मंग काय. दुसरा वेचा घरात येऊ दे, मंग जाय. आभाय येऊन राहिलं.” खरंच आभाळ येत होतं. बोंडं फुटून लोंबत होती, एक सर आली असती तर सगळा कापूस मातीत. मावशीने कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि घरी गेली. सकाळी वावरात जाताना तिने पुन्हा मला हाक मारली. “नक्की ना रे, मास्तर?” मी दात घासत होतो. मानेनेच हो म्हटलं.

तिला सवड मिळाली ती दहाव्या दिवशी. आदल्या दिवशी वेचा संपला, कापूस घरात पडला, आणि सकाळी ती दमणीला बैल जुंपून माझ्या दारात उभी. “साहेबाशी बोलाले तू चाल,” म्हणाली. मी एका पायावर तयार होतो. खोटं कशाला बोलू, मुलाला भेटायला मी निघालो नव्हतो. गोऱ्या माणसाशी समोरासमोर इंग्रजी बोलायची संधी मला हवी होती. वाटेत मूर्तिजापूरच्या पुढे मी बैलांच्या मागे बसून मनात वाक्यं जुळवत होतो. मावशीच्या मांडीवर एक गाडगं होतं, त्यात मुलाला आवडणारी सरगुंडी, म्हणजे काडीवर वळून वाळवलेल्या शेवया होत्या. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी गाडगं सावरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कारखान्याच्या फाटकात शिरलो. गाठी बांधणारी माणसं मावशीकडे बघून काम थांबवून उभी राहिली. तिच्या कपाळावरून त्यांना कळलं असेल, मुलाचं कपाळ तसंच होतं. साहेबाच्या खानसाम्याने, एका पांढऱ्या दाढीच्या मुसलमान गृहस्थाने, पुढे येऊन बैलांचे कासरे हातात घेतले आणि मावशीला म्हणाला, “बहन, उतरो.” तो रडत होता.

मुलगा पाच दिवसांपूर्वी गेला होता. तापाने. कारखान्यातल्या माणसांनीच गावाबाहेर ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला.

मावशी उतरली नाही. दमणीतच बसून राहिली, गाडगं मांडीवर. तेवढ्यात साहेब व्हरांड्यात आला. उंच, उन्हाने रापलेला, माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मला त्याने इंग्रजीत विचारलं की माझं पत्र पोचलं नाही का?

मी म्हणालो, पोचलं, साहेब. बारा दिवस झाले.

तो माझ्याकडे बघत म्हणाला, मी तर तिला ॲट हर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स यायला सांगितलं होतं.

आणि मी काय उत्तर दिलं? वाटेत घोकलेल्या व्याकरणात, एकही चूक न करता, मी म्हणालो की साहेब, ती अर्लिएस्ट कन्व्हीनियन्सलाच आली आहे. कापूस वेचून झाल्याबरोबर निघाली.

साहेबाने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याने मग हळूहळू, सोपे शब्द घेऊन सांगितलं. हे शब्द सौजन्याचे आहेत. त्यांचा अर्थ, जितक्या लवकर येता येईल तितक्या लवकर. आईला एकदम घाबरवू नये म्हणून त्याने असं लिहिलं होतं. कोणीही समजलं असतं, असं तो म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून त्याने नजर दमणीकडे वळवली.

मी मनात दिवस मोजले. कागद आल्याच्या दुसऱ्या सकाळी ती निघाली असती तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली असती. मुलगा सातव्या दिवशी गेला. चार दिवस तिला त्याच्या उशाशी बसता आलं असतं.

“काय म्हन्ते रे साहेब?” मावशीने दमणीतून विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. एकट्या मलाच दोन्ही भाषा येत होत्या. मी म्हणालो, “साहेब म्हणतो, फार वाईट झालं.”

पहिल्या वेळी मी अर्थ चुकलो होतो तो अडाणीपणाने. ह्या वेळी मला अर्थ नीट कळला होता.

खानसाम्याने मुलाचं गाठोडं आणून दिलं. त्यात एक पागोटं, वहाणा आणि अमरावतीच्या बाजारात आईसाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मावशीने त्याला विचारलं, “काई बोलला होता का मायं पोरगं?” त्याला प्रश्न कळला. म्हणाला, “रोज शाम को पूछता था, चाचा, अकोले की दमनी आई क्या.”

मावशीने लुगड्यावरून हात फिरवला. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, “मी कापूस वेचून राहिली होती.”

तिथेच मी बोलायला हवं होतं. माणसात दानत असेल तर तोंड उघडायची तीच वेळ असते. मी खाली बघून पागोटं सारखं केलं.

परत आलो तेव्हा साहेबाचं दुसरं पत्र घरी येऊन पडलं होतं. वाटेत आमची चुकामूक झाली होती. त्यात मुलगा गेल्याचं दोन ओळींत होतं, आणि एकही अवघड शब्द नव्हता.

पुढच्या हंगामात सगळ्या अकोल्याने पुन्हा पऱ्हाटी लावली. कापसाचा भाव चढतच होता. मावशीने आपल्या सगळ्या वावरात ज्वारी पेरली. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. तिचा दीर येऊन भांडून गेला. तिने ऐकलं नाही. तेव्हापासून तिने बोंडाला हात लावला नाही. इतर बायका सीतादही करायला, म्हणजे पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायला निघाल्या, की ती दार लावून घ्यायची. वाऱ्याने कुणाच्या बैलबंडीवरचा कापूस उडून तिच्या अंगणात आला तर खराट्याने थेट रस्त्यापर्यंत लोटायची. देवापुढे दिवा लावायची तो जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात करून. नवं लुगडं तिने पुन्हा घेतलं नाही, आणि ते हिरवं कधी नेसली नाही. कोणी बाई बसायला आली की बोलता बोलता तिचं एकच यायचं, “कापसापायी थांबली मी. लेक वाट पाहून राहिला होता अन् मी कापसात गुतली. डाकीन हावो मी, बाई.” भिंतीपलीकडे मी पोरांच्या पाट्या तपासत हे ऐकायचो.

मी बरंच काही केलं, एक ते सोडून. तिचं पाणी भरून दिलं, तिच्या ज्वारीच्या राखणीला माणूस लावून दिला. शाळेत इंग्रजीचा वर्ग मिळाला तेव्हा पहिल्याच दिवशी फळ्यावर ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स लिहिलं आणि पोरांकडून शंभरदा घोकून घेतलं: म्हणजे हातातलं टाकून या. दर वर्षी घ्यायचो. पोरं मागे माझी नक्कल करायची, मला ठाऊक होतं. एकाही पोराला मी कारण सांगितलं नाही. ज्या घरात सांगायचं होतं ते तर भिंतीपलीकडे होतं. आज सांगू, सणवार उलटला की सांगू, तिचा खोकला थांबला की सांगू. मीसुद्धा सवड बघत होतो.

लढाई केव्हाच मिटली होती, भावही उतरला होता. अकोल्याला आगगाडी आली आणि अमरावतीची वाट एका दिवसाची झाली. त्यालाही बरीच वर्षं लोटल्यावर एका सकाळी मी वर्गावर असताना मावशीच्या दिराची सून शाळेच्या दारात आली. मावशी आठ दिवसांपासून अंथरुणाला खिळली होती. सून म्हणाली, “मास्तर, मोठ्या मायनं सांगतलं, सवड भेटली तं येऊन जाय म्हना.”

माझ्या हातात खडू होता. तो तसाच हातात घेऊन, पागोटं खुर्चीवर ठेवून मी निघालो. त्या वयात मी भर रस्त्याने पळालो. दुकानातले लोक उठून बघू लागले.

ती जागी होती. फार वाळली होती, पण डोळे स्वच्छ होते. मला बसायची खूण केली. तिला काय सांगायचं होतं ते आधी ऐकावं, एवढाही धीर मला धरवला नाही. मी तिच्या बाजेपाशी जमिनीवर बसलो आणि आमच्या बोलीत, माझ्या आईने शिकवलेल्या बोलीत बोललो.

“मावशी, त्या कागदात ‘सवडीनं ये’ नव्हतं लिवलं. ‘लवकर ये’ लिवलं होतं. मी चुकलो. मले अमरावतीतच समजलं होतं, साहेबानं सांगतलं होतं. मी तुले सांगतलं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती कोपरावर टेकून अर्धी उठली. इतक्या दिवसांत ती उठली नव्हती.

“म्हंजे मी कापसापायी नाही थांबली?”

“नाही, मावशी. तू तं त्याच सकायी निगत होती. मीच थांबवलं.”

“मी निगत होती,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही क्षण असं काही आलं की मला तिच्या मुलाच्या लहानपणीची ती, त्याला कडेवर घेऊन आमच्या ओट्यावर येणारी, आठवली. पुन्हा एकदा हळूच म्हणाली, “मी निगत होती.” मग ते गेलं. ती खाली टेकली. मग मान वळवून तिने मला विचारलं, रागाने नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं.

“मंग इतके वर्स सांगतलं कावून नाही, भाऊ?”

त्याचं उत्तर मला आजही येत नाही. मी खाली मान घालून बसलो. हातातल्या खडूचा घामाने चिखल झाला होता.

तिने डोळे मिटून घेतले. “जाय आता,” म्हणाली. “सवडीनं येजो.”

हे शब्द तिने कुठल्या अर्थाने वापरले, मला सांगता येत नाही. ‘पुन्हा तोंड दाखवू नको’ असाही होतो, ‘लवकर ये’ असाही होतो. अर्थ लावण्याचं धाडस मला उरलं नव्हतं. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो, आणि चौथ्या दिवशी तिला बाहेर काढेपर्यंत तिथून हललो नाही. तिने मला पुन्हा आत बोलावलं नाही.

नेताना तिच्या अंगावर ते हिरवं लुगडं होतं. मी ओट्यावर असताना आत तिने सुनेकडून पेटीतून काढून घेतलं होतं आणि आपल्या हाताने त्याची घडी मोडली होती, असं सून मला मागाहून म्हणाली.